सिन्सिअर मॅडम

दिल्लीत बावीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत इथून काय मिळवलंस, असं कुणी विचारलं तर गाझियाबादला एक छोटासा फ्लॅट, थंडीत सुरू होऊन होळीपर्यंत टिकणारा खोकला आणि एक इंग्रजी विशेषण, एवढंच मला दाखवता येईल. विशेषण म्हणजे ‘सिन्सिअर’. “मॅडम बहुत सिन्सिअर हैं.” सेक्शनला नवा साहेब आला की जुना साहेब माझी ओळख अशीच करून देतो. माझं आडनाव इथल्या कुणाला धड उच्चारता येत नाही, पण हा शब्द सगळ्यांना येतो.

पहिल्यांदा तो माझ्या वाट्याला आला तेव्हा मी काय हुरळले होते! वय चोवीस, केंद्र सरकारच्या एका खात्याच्या मुख्यालयात नुकती लागलेली. संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी जायचं होतं आणि साडेपाचला सगळा सेक्शन डबे उचलून चालता झाला. मी एकटी बसून माहिती गोळा केली, उत्तर टाइप केलं, तीनदा तपासलं. सकाळी तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “लड़की सिन्सिअर है.” त्या संध्याकाळी मी बूथवरून मिरजेला आईला फोन केला आणि ही बातमी दिली.

“म्हणजे काय गं?” तिनं विचारलं.

“म्हणजे मनापासून काम करणारी.”

“मग त्यात सांगण्यासारखं काय? काम आणखी कशानं करतात?”

आईचा मिरजेला शिवणक्लास होता. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि त्या क्लासवर तिनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला वाढवलं. कुणाचं ब्लाऊज बिघडलं तर ती रागवायची, जमलं तर काहीच बोलायची नाही. जमणारच, त्यासाठीच तर आलीस ना क्लासला, असा तिचा खाक्या. मला मात्र त्या दिवशी तिचं बोलणं लागलं. मी दोन दिवस फोन केला नाही.

डिक्शनरीत सिन्सिअर म्हणजे ज्याच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं असं नसतं तो माणूस. दिल्लीच्या सरकारी इमारतींत मनाचा आणि ओठांचा काही संबंध नाही. इथं त्याचा अर्थ सांगितलं की करणारा, उलटून न विचारणारा, आणि घरी जायची घाई नसलेला. साहेब लोक कधी सिन्सिअर नसतात, ते डायनॅमिक असतात. पाच वाजताच बॅग आवरणारा स्मार्ट असतो. उरलेल्यांतून जो कुणी मान खाली घालून बसलेला दिसेल, त्याच्या डोक्यावर हा शब्द ठेवतात. माझ्या शेजारणीला तिच्या मुलाच्या शाळेत टीचर म्हणाली, “बच्चा सिन्सिअर है, लेकिन...” आणि शेजारीण माझ्याकडे येऊन रडली. कारण या शब्दामागून ‘लेकिन’ येतंच. राजिंदर नगरला आपल्याकडची मुलं स्पर्धा परीक्षांसाठी येऊन राहतात, त्यांच्यातला कुणी चौथ्यांदा आपटला की बाकीचे म्हणतात, “सिन्सिअर होता यार.” होता! जसा काही मेलाच. आणि नकाराच्या पत्रात शेवटी ‘आमचा सिन्सिअर खेद’ असतो, तो तर मीच आजवर शेकडो पत्रांत टाइप केलाय. एकदाही मला खेद वाटलेला नाही.

ज्या साहेबांच्या हाताखाली मी गेली सहा वर्षं आहे, ते वाईट नाहीत. हीच माझी खरी पंचाईत. वाईट असते तर भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. साहेब पानिपतचे. तिथं त्यांची म्हातारी आई आहे, ती दिल्लीत यायला तयार नाही, म्हणून हा माणूस रोज ट्रेननं जातो-येतो. पहिल्या दिवशी मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर हसून म्हणाले, “फिर तो पानीपत से आपका पुराना झगड़ा है.” मी म्हटलं, “सर, हमारे यहाँ कोई काम पूरा बिगड़ जाए तो आज भी कहते हैं, पानिपत हो गया.” ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पहिल्याच थंडीत त्यांनी मला तिकडची एक रजई आणून दिली, ती मी अजून पांघरते.

पावणेसहा वाजले की साहेब उठतात, कारण त्यांची गाडी असते. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून म्हणतात, “आप हैं तो मुझे चिंता नहीं.” त्यांच्यामागे उरलेलं सगळं मी बघते. त्यांच्या फाइलींवरच्या नोटा मी लिहिते, पत्रं मी लिहिते, त्यांचे रजेचे अर्ज मी लिहिते. वर्षाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल स्वतः लिहायचं असतं, तेही मीच लिहिते. ते वाचतात, “वाह” म्हणतात आणि सही करतात. म्हणजे या माणसानं रोज संध्याकाळी वेळेवर आपल्या आईजवळ पोचावं, याची व्यवस्था गेली सहा वर्षं मी केलेली आहे. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता दुसरं काही सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी भावाचा फोन आला. आई भाजी आणायला गेली आणि घराचा रस्ता विसरली. ज्या गल्लीत पन्नास वर्षं काढली ती गल्ली तिला सापडेना. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग तिनं क्लासमधल्या एका मुलीला एका ब्लाऊजला तीन बाह्या कापून दिल्या, आणि ती मुलगी हसली तर तिच्यावरच ओरडली. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी भावाला सांगितलं, विसरणं वाढतच जाणार, औषधांनी थोडं लांबेल. माणसं ओळखतायत तोवर जवळ राहा. वर्ष, दीड वर्ष, नक्की नाही सांगता येत.

मला एवढंच हवं होतं. आई मला ओळखतेय तोवर मला तिच्याजवळ असायचं होतं. बाकी आयुष्याकडे माझं काही मागणं नाही. लग्न केलं नाही, त्याची खंत नाही, प्रमोशनची हौस केव्हाच फिटली. आमच्या खात्याचं एक लहानसं ऑफिस कोल्हापूरला आहे, मिरजेपासून तासाभरावर, आणि तिथं माझ्या हुद्द्याची जागा रिकामी होती. मी बदलीचा अर्ज केला. नोकरीत लागल्यापासूनचा पहिला अर्ज. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला.

साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. “माताजी...” एवढंच म्हणाले. अर्ज त्याच दिवशी त्यांनी प्रशासन विभागाकडे पाठवला. मी संध्याकाळी मेट्रोत उभी राहून मनातल्या मनात सामान बांधत होते. गाद्या विकायच्या, भांडी शेजारणीला द्यायची, रजई बरोबर न्यायची.

आठ दिवसांनी प्रशासनाकडून फाइल परत आली. या कर्मचाऱ्याला सोडता येईल का, संबंधित अधिकाऱ्यानं आपलं म्हणणं कळवावं. आता फाइली कागदाच्या नसतात, कॉम्प्युटरवर येतात, आणि सेक्शनला आलेली प्रत्येक फाइल साहेब माझ्याकडे ढकलतात. हीही ढकलली. खाली नेहमीचेच शब्द, ‘प्लीज पुट अप’. म्हणजे उत्तराचा मसुदा तुम्ही करून आणा.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. “सर, ये तो मेरा ही केस है.”

“तो आपसे अच्छा कौन जानता है?” ते म्हणाले. “जो ठीक लगे, लिख दीजिए. मैं साइन कर दूँगा.”

जो ठीक लगे! मी कुठंही शपथेवर सांगेन, त्या माणसानं मला अडवलं नाही. ‘सोडता येईल’ एवढेच दोन शब्द लिहायचे होते. त्यांनी डोळे मिटून सही केली असती. किंवा मी म्हणायचं होतं, सर, हे शेजारच्या टेबलावर द्या. शेजारच्यानं लिहिलं असतं तर चार चुका झाल्या असत्या आणि एक होकार.

पण नोट कशी लिहायची हे मला येतं ना, तेच नडलं. नोट लिहिणाऱ्यानं दोन्ही बाजू मांडायच्या, आपलं मत कुठं डोकावू द्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलंय. पहिल्या पॅरात अर्जाचं कारण दिलं. दुसऱ्यात सेक्शनमधल्या रिकाम्या जागा दाखवल्या, त्या खऱ्याच होत्या. तिसऱ्यात अधिवेशन तोंडावर आलंय हे लिहिलं, तेही खरं. मग भीती वाटली की आपली बाजू लावून धरली तर लोक म्हणतील, बघा, बाईनं स्वतःची फाइल स्वतःच करून घेतली. त्या भीतीनं मी दुसरं पारडं जड करत गेले. आणि चौथ्या पॅरात, देवाशपथ सांगते, मी लिहिलं की ही कर्मचारी अत्यंत सिन्सिअर असून योग्य बदली माणूस रुजू होईपर्यंत तिला सोडणं कार्यालयाला शक्य नाही. इंग्रजीत ते वाक्य फार छान बसलं होतं. छान बसलंय, असं मला वाटलंसुद्धा, काय सांगू!

मनात खोल कुठंतरी असं होतं, की वर कुणीतरी वाचेल, आईचा कागद पाहील आणि म्हणेल, छे छे, असं कसं, हिला ताबडतोब सोडा. मोठेपणा दुसऱ्यानं करायचा आणि आपण फक्त नियमानं वागायचं, हा माझा भाबडेपणा. आता त्याला मी भाबडेपणा म्हणते. खरं तर तो ताठा होता. माझ्यावाचून यांचं अडतं, हे मला एकदा कुणाच्या तरी सहीनिशी कागदावर बघायचं होतं.

साहेबांनी सही केली. एक स्वल्पविराम हलवला नाही. वरच्यांनीही काही म्हटलं नाही, कारण नोट इतकी पक्की होती की म्हणायला जागाच उरली नव्हती. ‘बदली माणूस रुजू झाल्यावर विचार करता येईल’, अर्ज परत. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ना, मी तो नेम धरून मारला होता. घरी मी यातलं अक्षर सांगितलं नाही. सोडत नाहीत, एवढंच सांगितलं.

सहा महिन्यांनी दुसरा अर्ज केला. त्यावर प्रशासनानं माझ्याच चौथ्या पॅराचं बोट धरून नकार दिला. माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून माझ्याकडे आलं. तिसऱ्या अर्जालाही तेच. मध्ये एकदा खरोखरच बदली माणूस आला, तिशीचा, हसतमुख. दोन दिवसांत त्यानं सेक्शनचा अंदाज घेतला, तिसऱ्या दिवशी रजेवर गेला आणि पंधरवड्यात स्वतःची ऑर्डर नोएडाच्या ऑफिसला फिरवून घेतली. त्याला कुणी सिन्सिअर म्हणालं नाही. “स्मार्ट निकला,” म्हणाले आणि सगळे कौतुकानं हसले. मीही हसले, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नोकरी सोड, असं भाऊ म्हणाला. त्याचं स्टेशनरीचं लहान दुकान आहे. आईची औषधं, तपासण्या, सगळं माझ्या सरकारी कार्डावर चालतं, याची मी त्याला आठवण करून दिली तेव्हा त्यानं तो विषय सोडला. स्वेच्छानिवृत्ती घ्या, असं वहिनी म्हणाली. तो अर्जही शेवटी फाइलच, आणि फाइल कुठल्या टेबलावर येणार? मला आता माझीच धास्ती वाटायला लागली होती.

सकाळी आठ चाळीसची मेट्रो, संध्याकाळी साडेसातची परत. फ्लॅटच्या खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो, त्याच्या खिडक्यांतून आमचा दिसत असणार. रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरची एक बाईही वाळत घालत असते. दोन वर्षांत आम्ही एकमेकींना हात केलेला नाही. कधीकधी दार लावून घेतलं की मला श्वास पुरत नाही. मग मी उगाच लिफ्टनं खाली जाते, गेटपर्यंत चालते, वॉचमन विचारतो, “मॅडम, कुछ मँगाना है?” आणि मी नाही म्हणून परत वर येते.

दुपारी दीडला, डब्याच्या वेळेत, मी आईला फोन करायचे. सुरुवातीला ती नेहमीसारखं विचारायची, जेवलीस का, कधी येतेस. नंतर एकाच फोनमध्ये तीनदा विचारायला लागली. दर वेळी मी म्हणायचे, “येते गं, पुढच्या महिन्यात.” पुढच्या महिन्यात काही नव्हतं. चार दिवसांची रजा मागायचंही मी बदलीच्या आशेवर लांबवत गेले. जिच्याशी आयुष्यात खोटं बोलले नाही तिच्याशी मी रोज, डबा खाता खाता, हसऱ्या आवाजात खोटं बोलत होते. मग ती मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली. मग फोनवर नुसतं “हं, हं” करायला लागली. एका दुपारी वहिनी फोन घेऊन म्हणाली, “ताई, त्या आज मला विचारत होत्या, हा आवाज रेडिओवरचा आहे का म्हणून.”

मी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. “मला चार दिवस घरी जायचंय. नाही म्हणालात तर मी तशीच जाईन.” त्यांना शब्द कळले नसतील, पण ते उभे राहिले. “जाइए, जाइए,” म्हणाले. “आप तो कभी छुट्टी माँगती ही नहीं.”

निजामुद्दीनहून थेट गाडी आहे. दीड दिवस मी खिडकीशी बसून होते. भाऊ स्टेशनवर आला होता. रिक्षात तो म्हणाला, “ताई, अपेक्षा ठेवू नकोस हं.” मी त्याच्यावर खेकसले, “मला शिकवू नकोस. आई आहे माझी.” मला लगेच वाईट वाटलं.

दुपार होती. आई पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती. वहिनीनं तिची वेणी घालून दिलेली. फार वाळली होती. मला दारात पाहून ती उठली, पदर सारखा केला आणि हसली. मला वाटलं, ओळखलं, ओळखलं.

“या मॅडम,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसले. बॅग खांद्यावरून काढायचं भान नव्हतं.

“कुठून आलात?”

“दिल्लीहून.”

“अगंबाई! दिल्लीहून?” तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि आवाज बारीक केला. “माझी लेक असते दिल्लीला. सरकारी हाफिसात. तुम्ही ओळखता का तिला?”

“ओळखते.”

“कशी आहे हो?”

“बरी आहे.”

“जेवते का वेळेवर?”

मी मान हलवली. आई माझ्याकडे निरखून बघत होती, ओळख काढायला नव्हे, मी किती मोठी अधिकारी असेन याचा अंदाज घ्यायला. लहानपणी शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर फीची सवलत मागायला ती अशीच बसली होती, खुर्चीच्या काठावर, दोन्ही हात मांडीवर जुळवून.

“तिला सोडत नाहीत,” ती म्हणाली. “ती येते येते म्हणते, पण तिला सोडतच नाहीत हो. तुमच्या शब्दाला वजन असेल तिकडं. कोण अडवतंय पोरीला, तेवढं जरा बघा ना मॅडम. मी काही त्यांच्या पाया पडायला येऊ शकत नाही एवढ्या लांब.”

वहिनी चहा घेऊन दारात उभी राहिली होती. भाऊ चपला हातात धरून तसाच थांबला होता. दोन वर्षांत जे त्या दोघांना सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं.

“मीच अडवलं,” मी म्हणाले. “दुसरं कुणी नाही. कागद मी लिहिला.”

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. तिनं थोडा विचार केला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मग आता सोडा की तिला,” आई म्हणाली. “दमली असेल हो पोर.”